अठरा जून रस्ता कुठल्या अठरा जूनचा?

मंडळी, डिसेंबर महिना आला की माझ्या मोबाईलवर एक निरोप दरवर्षी न चुकता येतो. वर तिरंगा, मध्ये रणगाडा आणि खाली ठळक अक्षरात – "४५१ वर्षांची गुलामी, ३६ तासांत खलास!" पाठवणाऱ्यांत माझा एक पुतण्या असतो, दोन भाचे असतात, जुने विद्यार्थी असतात. सगळी गुणी मुलं आहेत, त्यांच्या देशप्रेमाबद्दल मला शंका नाही. पण ते छत्तीस तास वाचले की माझ्यातला मास्तर जागा होतो आणि लाल पेन शोधायला लागतो.

यंदा ठरवलं, प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहावं. नातेवाईक हा ब्लॉग वाचतात (निदान तसं सांगतात तरी!), तेव्हा पोचेलच.

माझं म्हणणं एका वाक्यात असं : गोवा छत्तीस तासांत जिंकला गेला असेल, पण तो छत्तीस तासांत स्वतंत्र झाला नाही. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही, त्याला स्वातंत्र्य म्हणजे काय हेच कळलेलं नाही.

आधी सैन्याबद्दल, म्हणजे गैरसमज नको. डिसेंबर १९६१ मध्ये १७ तारखेच्या रात्रीपासून 'ऑपरेशन विजय' सुरू झालं आणि १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. आपले जवान त्यात कामी आले. अंजदीव बेटावर उतरताना नौसैनिक पडले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आणि रेडिओवर बातमी आली तेव्हाचा मोठ्या माणसांचा जल्लोष मला चांगला आठवतो. माझं भांडण सैन्याशी नाही. सैन्याच्या आडून बाकीच्या सगळ्यांना पुसून टाकणाऱ्या त्या एका ओळीशी आहे.

आता जरा हिशेब करू. १८ जून १९४६ ते १९ डिसेंबर १९६१ म्हणजे साडेपंधरा वर्षं. त्याच्या मागं जायचं तर १५८३ चा कुंकळ्ळीचा उठाव आहे, १७८७ चा पिंटोंचा कट आहे, सत्तरीच्या राण्यांची बंडं आहेत. पण तेवढं मागं जायला नको, साडेपंधरा वर्षंच घेऊ.

काय होतं त्या १८ जूनला? तेव्हाच्या गोव्यात सभा घ्यायला बंदी, संघटनेला बंदी, वर्तमानपत्रावर सेन्सॉर. लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी तपासून घ्यावा लागे! १९४२ च्या आंदोलनात तुरुंग भोगून थकलेले डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळण्याला आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले होते. लोक त्यांना भेटायला येऊ लागले, आपली गाऱ्हाणी सांगू लागले. विश्रांती राहिली बाजूला. १८ जूनला भर पावसात मडगावला दोघं बंदी मोडून सभेला गेले. पोर्तुगीज अधिकाऱ्यानं पिस्तूल रोखलं. लोहियांनी ते शांतपणे बाजूला सारलं. दोघांना अटक झाली आणि लोक पोलीस चौकीपुढं जमले. गोव्याच्या माणसाला आपण बोलू शकतो याचा शोध त्या दिवशी लागला, एवढंच झालं. एक इंचही जमीन सुटली नाही.

पणजीत गेलात तर 'अठरा जून रस्ता' तुम्ही पाहिलेला असणारच. आमच्या सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं दर डिसेंबरात गाडी काढून गोव्याला जातात आणि येताना त्याच रस्त्यावरून काजू आणतात. मी दहाबारा जणांना विचारून पाहिलं, बाबांनो, हा रस्ता कुठल्या अठरा जूनचा? एकालाही सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, "सर, कंपनी स्थापन झाली असेल." आता काय बोलणार!

इथे मला तुर्कस्तान आठवतो. कुठून कुठे, म्हणाल. पण मी मराठी माध्यमातून बी.ए. केलं तेव्हा आधुनिक जगाच्या इतिहासात केमाल पाशाचं प्रकरण होतं, आणि ते तेव्हापासून डोक्यात बसलेलं आहे. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरला. इंग्रज, फ्रेंच, इटालियन आणि ग्रीक यांनी त्याचे लचके तोडायला घेतले. १९२० च्या सेव्हर्सच्या तहानं त्यावर शिक्का मारला, आणि सुलतानाच्या सरकारनं त्यावर सहीसुद्धा केली. त्या तुर्कांनी जी शेवटची मोठी चढाई केली ती २६ ऑगस्ट १९२२ ला सुरू झाली आणि ९ सप्टेंबरला त्यांचं सैन्य इझमिरमध्ये शिरलं. पुरते पंधरा दिवस! मग तुर्क लोक म्हणतात का, की आम्ही पंधरा दिवसांत स्वतंत्र झालो? नाही म्हणत. विजयाचा दिवस ते ३० ऑगस्टला साजरा करतात, पण त्याआधी १९ मे पाळतात. १९१९ च्या त्या दिवशी केमाल पाशा समसून बंदरात बोटीतून उतरला, बस्स. ना लढाई, ना विजय. तरी तो दिवस त्यांनी तरुणांना दिला. २३ एप्रिल १९२० ला अंकाऱ्यात लोकांच्या प्रतिनिधींची सभा भरली, तो दिवस त्यांनी चक्क मुलांना दिला. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून बैलगाड्यांतून तोफगोळे वाहून नेणाऱ्या खेडवळ बायांची आठवण तिथं आजही सांगतात.

तुलना तंतोतंत जुळत नाही, मला माहीत आहे. त्यांचं सैन्य त्यांच्याच लोकांतून उभं राहिलेलं होतं. आणि त्या धामधुमीत तिथल्या ग्रीक आणि आर्मेनियन लोकांनी जे भोगलं तेही विसरता येत नाही. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. स्वातंत्र्याची तारीख म्हणजे फक्त शत्रू शरण आल्याची तारीख नव्हे. लोक उठून उभे राहिले ती तारीखही तितकीच मोठी. आपण पहिल्या तारखेचे फोटो पाठवतो आणि दुसऱ्या तारखेच्या रस्त्यावर काजू घेतो.

बरं, आता त्या निरोपाच्या बाजूनं जे मुद्दे मांडले जातात ते एकेक पाहू.

पहिला मुद्दा : "सामान्य लोकांच्यानं काही झालं नाही, शेवटी बंदूकच लागली."

लोकांच्यानं झालं नाही? २२ जुलै १९५४ ला दादरा सुटलं. २ ऑगस्टला सिल्वासा, म्हणजे नगर हवेलीचं मुख्य ठाणं, सुटलं. भारतीय सैन्याचा एक शिपाई त्यात नव्हता. 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स' आणि 'आझाद गोमंतक दल' यांचे कार्यकर्ते, आणि त्यांच्याबरोबर गेलेले स्वयंसेवक, यांनी ते केलं. त्यांत आपले सुधीर फडके होते. होय, तेच बाबूजी! पुढच्याच वर्षी एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून ज्यांचं गीतरामायण घराघरांत ऐकलं गेलं, ते आदल्या ऑगस्टमध्ये सिल्वाशाच्या मोहिमेत होते. त्यानंतर सात वर्षं, ऑगस्ट १९६१ पर्यंत, त्या मुलखानं आपला कारभार आपल्या पंचायतीमार्फत चालवला. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, १९६० साली निकाल लागला, पण दादरा-नगर हवेली काही त्यांना परत मिळालं नाही.

दुसरा मुद्दा जरा जड आहे : "१९५५ चा सत्याग्रह फसला, मग त्याचं कौतुक कशाला?"

हे १९५५ नीट पाहायला हवं, कारण त्याची तयारी आपल्या पुण्यात झाली. गोवा विमोचन सहायक समितीचे अध्यक्ष केशवराव जेधे, चिटणीस जयंतराव टिळक. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघवाले, हिंदुसभावाले, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका सतरंजीवर बसली. १८ मे १९५५ ला पहिली मोठी तुकडी गोव्यात शिरली. पुढारी होते ना. ग. गोरे आणि सेनापती बापट.

बापटांचं गाव पारनेर. आमच्या नगर रस्त्यानं पुढं जाऊन सुप्यावरून आत वळलं की येतं. मुळशीच्या सत्याग्रहानं ज्यांना सेनापती केलं ते हे बापट. गोव्यात शिरले तेव्हा त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं. आज माझं साधारण तेवढंच आहे, म्हणून मला त्याचा अर्थ जरा जास्त कळतो. मला चाकण चौकात सिग्नल ओलांडताना नातवाचा हात लागतो. हा माणूस त्या वयात बंदुकांसमोर चालत गेला, हातात काठीसुद्धा उगारायची नाही अशी शपथ घेऊन. पोर्तुगीज पोलिसांनी तुकडीला बेदम मारलं. गोऱ्यांना दहा वर्षांची सजा ठोठावून आग्वादच्या किल्ल्यात टाकलं. त्यांच्यामागून तुकड्या जातच राहिल्या. मधू लिमये गेले, जगन्नाथराव जोशी गेले, बंगालचे त्रिदिब चौधरी गेले.

आणि मग १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही पत्रादेवी, तेरेखोल, कॅसलरॉक अशा ठिकाणांहून एकाच दिवशी सीमा ओलांडायला निघाले. निःशस्त्र. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं ठार झाली. पत्रादेवीला पंजाबचा तरुण कर्नैलसिंग पडला. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हातातला झेंडा न सोडता गोळ्या झेलून जखमी झाल्या. विचार करा, पंजाबातल्या मुलाचं गोव्यात कोण होतं?

या दिवसानंतर आपल्या सरकारनं काय केलं? पोर्तुगालच्या वकिलाती बंद केल्या, नाकेबंदी कडक केली, इथवर ठीक. पण त्याच दमात सामुदायिक सत्याग्रहालाही बंदी घातली. जे लोक स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या जीवावर जात होते त्यांना आपल्याच पोलिसांनी सीमेवर अडवलं. नेहरूंची अडचण मला समजते. जगाला शांतता शिकवणाऱ्यानं शेजारच्या मुलखात गर्दी घुसवायची कशी? पण लोकांना आधी पेटू द्यायचं आणि ऐन वेळी पाणी ओतायचं, हे योग्य नव्हतं. त्यानंतर सहा वर्षं गेली, आणि ती आतल्या माणसांनी तुरुंगात काढली.

तेव्हा हो, सत्याग्रहानं एकट्यानं गोवा सुटला नाही, हे मी मान्य करतो. सालाझार हा इंग्रजांसारखा लाजणारा राज्यकर्ता नव्हता. १९६१ मध्येही त्याची आज्ञा होती की शरण यायचं नाही, मरायचं. अशा माणसापुढं शेवटी सैन्य लागलं. पण पुढचा प्रश्न विचारा. सैन्य गेलं तेव्हा ते कोणत्या तोंडानं गेलं?

१९५१ साली सालाझारनं आपल्या घटनेत बदल करून गोव्याला 'वसाहत' म्हणणं बंद केलं. म्हणे हा पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत! म्हणजे गोव्याचा माणूस गुलाम नाहीच, तो पोर्तुगीजच आहे, मग सोडवायचं कोणाला? १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनीसुद्धा पोर्तुगालबरोबरच्या संयुक्त पत्रकात 'प्रांत' हाच शब्द मान्य केला. हा युक्तिवाद खोटा कोणी पाडला? आग्वादमध्ये, काशियाशमध्ये, पेनिशमध्ये बसलेल्या कैद्यांनी. ज्या प्रांतातले लोक सुखी आहेत तिथं शिक्षक, डॉक्टर, वकील, बायका अशा रांगेनं तुरुंगात का जातात, याचं उत्तर लिस्बनकडं नव्हतं. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी गोव्यासह पोर्तुगालचे सगळे 'प्रांत' स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत टाकले. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा समितीत भारताविरुद्ध सात मतं पडलीच, रशियानं नकाराधिकार वापरला म्हणून ठराव बारगळला. पण भारताच्या बाजूनं उभी राहिलेली सिलोन, इजिप्त, लायबेरिया ही सगळी वसाहतवादाचे चटके ओळखणारी राष्ट्रं होती.

ते कैदी नसते तर ते छत्तीस तास नुसती एका मोठ्या देशानं लहान मुलखावर केलेली चढाई ठरले असते. रणगाड्यांना 'मुक्ती' हा शब्द त्या माणसांनी मिळवून दिला.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त बोचतो : "गोवेकरांना काही नकोच होतं, ते सुखात होते." कधीकधी याला धर्माचंही अस्तर लावलेलं असतं, म्हणजे कॅथलिकांना तर पोर्तुगीजच हवे होते, वगैरे.

घ्या मग नावं. १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी काढणारे आणि पुढं लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची सजा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलेले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा कोण होते? ज्युलियांव मिनेझिस कोण होते? नॅशनल काँग्रेस गोवाचे पीटर आल्वारिस? १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावणाऱ्या तुकडीचे आल्फ्रेद आफोन्सो? कवी तेलो मास्कारेन्हस, ज्यांना पोर्तुगालच्या तुरुंगातून बाहेर यायला १९७० उजाडलं? आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, सुधाताई जोशी. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी नोव्हेंबर १९५५ पासून सीमेवरच्या जंगलात लपून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, सहा वर्षं. १९ डिसेंबरला विमानातून लाउडस्पीकर लावून गोवा मुक्त झाल्याचं त्यांनीच ओरडून सांगितलं. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, शंभरी पार केल्यावर. किती घरांत त्या दिवशी त्यांचं नाव घेतलं गेलं?

शेवटी एकच गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या शिक्षकी जातीची आहे. सांगलीकडचा मनोहर आपटे नावाचा तरुण गोव्यात सावई-वेरे गावी मराठी शिकवायला मास्तर म्हणून गेला. नाव बदलून मोहन रानडे झाला. आझाद गोमंतक दलात शिरला, नगर हवेलीच्या मोहिमेत होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. सव्वीस वर्षांची सजा. लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात रवानगी, त्यात कित्येक वर्षं एकांतकोठडी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. रानडे मुक्त झाले नाहीत! गोव्यात निवडणुका झाल्या, मंत्रिमंडळ आलं, आपण सहली काढू लागलो, आणि हा मास्तर तिकडं कोठडीतच. इथं सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं धडपड केली. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. २०१९ साली ते गेले.

या माणसाला 'छत्तीस तास' हा शब्द कोणी ऐकवला असेल का हो?

जाता जाता आणखी एक. मुक्तीनंतर गोव्यानं महाराष्ट्रात यावं असं आपल्याकडं फार जणांना वाटत होतं. १६ जानेवारी १९६७ ला कौल घेतला गेला आणि चौतीस हजारांच्या फरकानं गोवेकरांनी 'नको' म्हटलं. अजूनही आपल्यातले काही त्यावरून हळहळतात. मला तो निकाल त्या साडेपंधरा वर्षांचं खरं फळ वाटतो. ज्याला सोडवलं त्यानं आपल्यालाही नकार देऊ शकावा, यालाच तर मोकळं होणं म्हणतात. घेतलेल्या मुलखाला कोणी विचारत नाही. स्वतंत्र झालेल्याला विचारावं लागतं.

शिक्रापूरच्या एका बाजूला वढू, दुसऱ्या बाजूला कोरेगाव भीमा. इतिहास कोण कसा सांगतो यावर माणसांचं जगणं अवलंबून असतं, हे आम्हा इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ज्या मुलाला शिकवलं की स्वातंत्र्य छत्तीस तासांत रणगाड्यावर बसून येतं, तो मोठेपणी कोणीतरी रणगाडा घेऊन येईल याची वाट पाहत बसेल. स्वतः सभेला जाणार नाही, प्रश्न विचारणार नाही, गैर दिसलं तरी उठून उभा राहणार नाही. माझी खरी भीती ही आहे. गोवा तर सुटला, पोरं अडकायला नकोत.

तेव्हा पुतणेमंडळी, भाचेमंडळी, निरोप जरूर पाठवा. फक्त छत्तीस तासांच्या जागी साडेपंधरा वर्षं लिहा. आणि गोव्याला जाल तेव्हा आग्वादला वरच्या किल्ल्यावर फोटो काढून परत फिरू नका. खाली जुना तुरुंग आहे, आता तिथं संग्रहालय केलंय, त्या कोठड्यांत पाच मिनिटं उभे राहा. जमलं तर एकदा डिसेंबर सोडून जूनमध्ये जा. पाऊस असतो, गर्दी नसते, हॉटेलंही स्वस्त. मडगावच्या लोहिया मैदानावर छत्री घेऊन उभं राहिलं की कळतं, त्या दिवशी किती भिजले असतील लोक.

असो. बरंच लांबलं. कोणाच्या घरी १९५५ च्या तुकडीत गेलेलं कोणी असेल, आजोबा, मामा, शेजारी, तर खाली जरूर लिहा. नाव, गाव, आणि किती दिवस आत होते ते. पुढच्या डिसेंबरात तेवढंच पाठवू.